मुलाच्या आणि नवऱ्याच्या पलीकडचं एक माणूस

आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये एक साधा प्रस्ताव आला. भारतातून मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा, आणि लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडात नव्याने आलेल्या बायका, यांच्यासाठी व्हॉलंटियर्सची एक कायमची टीम करायची, आठवड्यातून एकदा भेटायचं, सोबत बाहेर जायचं, मधे एखादा फोन करायचा, बस एवढंच. त्यावर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, टोरांटोच्या आसपासच्या कितीतरी मराठी घरांत जेवताना तोच विषय निघतो. एक गट म्हणतो हे सरकारचं काम आहे, टॅक्स कशाला भरतो आपण, फुकट राबून सरकारला मोकळं का सोडायचं. दुसरा गट म्हणतो सेवा हा आपला संस्कार आहे, वडीलधाऱ्यांचं करायला सरकार कशाला हवं. आणि तिसरे, ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा आहे, ते म्हणतात आम्ही आलो तेव्हा कोण होतं आम्हाला, आम्ही शिकलो ना सगळं, मग यांनीही शिकावं. तिन्ही बाजू ऐकून मला वाईट वाटतं, कारण या सगळ्यात ती आजी आणि ती नवी आलेली मुलगी कुठेच नाहीये. सगळं बोलणं आपल्याबद्दल, आपला टॅक्स, आपले संस्कार, आपले कष्ट.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे काम करायलाच हवं, पण दया म्हणून नाही आणि संस्कार म्हणूनही नाही. इथे आलेल्या म्हाताऱ्या माणसाचं आणि नव्या आलेल्या बाईचं सगळं आयुष्य एकाच खुंटीला टांगलेलं असतं म्हणून करायला हवं. बँक, फोनचा प्लॅन, डॉक्टर, गाडी, कागदपत्रं, बाहेरच्या जगाशी येणारा प्रत्येक संबंध हा मुलामार्फत नाहीतर नवऱ्यामार्फत. तो माणूस वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, बहुतेक जण चांगलेच असतात, दोन-दोन शिफ्ट करून दमलेले असतात. पण तो चांगला आहे म्हणून सगळं ठीक आहे आणि उद्या तो आजारी पडला, चिडला, नोकरी गेली, दूर गेला तर सगळंच संपलं, याला सुरक्षित आयुष्य म्हणायचं का? पगारी सेटलमेंट वर्कर, म्हणजे नव्या आलेल्यांना इथे बस्तान बसवायला मदत करणारा कर्मचारी, फॉर्म भरून देईल, क्लासला नाव घालून देईल, त्याची जागा आपण घेऊ नये आणि घेऊही शकत नाही. व्हॉलंटियर जे देऊ शकतो ते वेगळंच आहे. त्या घराच्या बाहेरचं, पण त्या बाईचं स्वतःचं असं एक माणूस.

आता हे अवलंबून राहणं काही नुसतं स्वभावातून किंवा आपल्या घरांच्या पद्धतीतून आलेलं नाही, ते कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि हे वादात कुणीच बोलत नाही. आई-वडिलांना पीआरसाठी (इथे कायम राहायच्या परवान्यासाठी) स्पॉन्सर केलं की मुलाला २० वर्षांची लेखी हमी द्यावी लागते (क्वेबेकमध्ये १० वर्षं), की त्यांचा सगळा खर्च मी करीन आणि त्यांनी सरकारी मदत घेतली तर ती मी फेडीन. ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे इथलं म्हातारपणीचं पेन्शन, ते वय ६५ झालं की आपोआप सुरू होत नाही, वयाच्या १८ नंतर किमान १० वर्षं कॅनडात राहिलेलं असावं लागतं, आणि पूर्ण रक्कम हवी असेल तर ४० वर्षं. भारतात पीएफ कापला गेला असेल तर दोन देशांतल्या करारामुळे तिथली वर्षं पात्रतेसाठी धरता येऊ शकतात, पण जिने जन्मभर घर सांभाळलं तिचा पीएफ कुठून कापला जाणार? म्हणजे ६६ व्या वर्षी आलेली बाई ७६ ची होईपर्यंत तिच्या नावावर इथे पेन्शनचा एक डॉलरसुद्धा येत नाही. दहा वर्षं तिने चपला घ्यायच्या तरी मुलाला सांगायचं, किंवा सुनेला. ज्या बाईने गावाकडे चाळीस वर्षं घरखर्च हातात ठेवला तिची ही अवस्था आपण रोज बघतो आणि म्हणतो, काय छान, मुलाकडे आरामात आहेत.

सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिजिटर व्हिसावर, आलेल्यांचं तर याहून अवघड. डिसेंबर २०११ मध्ये हा व्हिसा सुरू झाला, २०२२ पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, म्हणजे नातवंडं पाळण्यातून शाळेत जातात तोवर आजी इथेच असते, पण कागदावर ती व्हिजिटर. किमान १ लाख डॉलरचं खासगी मेडिकल इन्शुरन्स घ्यावं लागतं, प्रांताचं हेल्थ कार्ड मिळत नाही, आणि केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या नवागतांसाठीच्या बहुतेक सेवा तिला बंद, कारण त्या मुख्यतः पीआर आणि निर्वासितांसाठी आहेत. नवरा वर्क परमिटवर आणि बायको त्याच्या मागोमाग आलेली, तिलाही केंद्राचा लिंक नावाचा, नवागतांसाठीचा इंग्लिशचा क्लास मिळत नाही. आणि गंमत नाही, खरी गोष्ट आहे, सिटिझन झालेल्या बाईलाही मिळत नाही, म्हणजे पहिली सहा-सात वर्षं मुलं लहान म्हणून घराबाहेर पडली नाही आणि मधल्या काळात नवऱ्याबरोबर तिचीही सिटिझनशिप झाली, तर आता शिकायची वेळ आली तेव्हा दार बंद. ऑन्टारिओसारख्या प्रांतांनी स्वतःच्या पैशातून ही फट काही प्रमाणात बुजवलीय, ते मान्य. पण ते क्लास कुठे आहेत, आपल्याला चालतात का, बस कुठली जाते, हे तिला सांगणार कोण? परत तोच मुलगा आणि तोच नवरा.

सरकारवाल्या गटाचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. व्हॉलंटियर मिळतात हे दिसलं की पगारी माणसं कमी करायचा मोह कुठल्याही सरकारला होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने इमिग्रेशनचे आकडे खाली आणले, २०२५ साठी आधी ५ लाख पीआरचं लक्ष्य होतं ते ३ लाख ९५ हजारांवर आलं, आणि माणसं कमी येणार म्हटल्यावर सेटलमेंट संस्थांच्या निधीलाही कात्री लागली. पण जी माणसं आधीच आलेली आहेत त्यांची गरज कमी झाली का? अशा वेळी आपण "आम्ही करतो ना फुकटात" म्हणून पुढे सरसावलो तर ती कात्री अजून खोल जाईल ही भीती अगदी खरी आहे. आणि फुकटचं काम शेवटी बायकांच्याच अंगावर पडतं हेही खरंच आहे, मंडळात स्वयंपाकघरात कोण असतं ते बघा आणि स्टेजवर कोण असतं ते बघा.

तरीही मला हा मुद्दा अर्धवट वाटतो, कारण त्यात असं गृहीत धरलंय की जो मदत करतो तो हक्क मागत नाही. इतिहास बघा ना. २३ मे १९१४ ला कोमागाटा मारू जहाज ३७६ भारतीय प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला लागलं, कॅनडाने बहुतेकांना उतरूच दिलं नाही, दोन महिने जहाज पाण्यात उभं. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी कमिटी केली, मिलमध्ये काम करून मिळवलेल्या मजुरीतून वर्गणी काढली, जहाजाच्या भाड्याचे हप्ते भरले, वकील लावला. त्यांना काय माहीत नव्हतं का की हे सगळं त्यांनी करावं लागणं हाच अन्याय आहे? माहीत होतं, म्हणूनच त्यातलीच माणसं आणि १९०६ साली स्थापन झालेली त्यांची खालसा दिवाण सोसायटी ओटावाला शिष्टमंडळं पाठवत होती, बायका-मुलांना आणू द्या म्हणून अर्ज करत होती, आणि मतदानाच्या हक्कासाठी लढत राहिली, जो १९४७ मध्ये मिळाला. जहाज २३ जुलैला परत गेलं, ती लढाई हरली, पण मदत करणारे हात आणि मागणी करणारे हात एकच होते. जो दर आठवड्याला आजीला भेटतो त्यालाच कळतं की नियम नेमका कुठे टोचतो, आणि खासदाराच्या ऑफिसात जाऊन नावगाव न सांगता पण तपशीलवार बोलू शकेल तोही तोच. घरात बसून "सरकारने करावं" म्हणणाऱ्याकडे सांगायला काय असतं?

"आम्ही आलो तेव्हा कोण होतं" या म्हणण्याकडे वळते. यात दुखावलेपण आहे, ते मला कळतं, ज्यांनी खरंच एकट्याने काढलं त्यांच्या कष्टांना कमी लेखायचं नाहीये. पण १९६७ मध्ये पॉइंट सिस्टिम आली आणि त्यानंतर जे मराठी लोक आले ते तरुण, शिकलेले, इंग्लिश येणारे, नोकरी करू शकणारे म्हणूनच निवडून घेतलेले होते, पॉइंट त्याचेच तर मिळतात. ७० वर्षांच्या आजीला कुणी पॉइंट लावून निवडलेलं नाही, ती तुमच्यासाठी आलीय. तिची तुलना पंचवीस वर्षांच्या इंजिनीअरशी कशी करता? आणि तसंही एकट्याने कोण उभं राहिलंय हो कधी? कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेला माणूस गावकीच्या खोलीत उतरायचा, तिथे गावचेच वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, कुणीतरी आधी आलेला त्याला खात्यात चिकटवून द्यायचा, जेवायला खानावळ. त्याला कुणी असं नाही म्हणालं की तू तुझं शिक. इथेही पहिला मराठी रूममेट, पहिली सेकंडहँड गाडी बघायला सोबत आलेला मित्र, रेफरन्स म्हणून नाव द्यायला तयार झालेला ऑफिसमधला सीनिअर, हे सगळं मोजलं तर "एकट्याने" फार थोडं उरतं. फरक एवढाच की ती मदत नोकरीवर जाणाऱ्या पुरुषाला रस्त्यात आपोआप भेटते. जी घराबाहेर पडतच नाही तिला ती कुठे भेटणार?

बायकांच्या बाबतीत तर हा फरक फार जुना आहे. १९०८ चा नियम असा होता की मायदेशातून मधे न थांबता थेट प्रवास करून आलात तरच कॅनडात प्रवेश, आणि भारतातून तशी थेट सोयच नव्हती, त्यामुळे आधीच आलेल्या पुरुषांना बायका आणता येईनात. १९१९ मध्ये बायका-मुलांना परवानगी मिळाली, पण कुणाची तरी बायको म्हणून. म्हणजे पहिल्यापासून तिचं इथलं असणं दुसऱ्याच्या नावाला जोडलेलं. हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं असं वाटत असेल तर अलीकडचं सांगते. ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१७ या काळात नियम होता की नवं नातं असेल आणि मूल नसेल तर स्पॉन्सर होऊन आलेल्या जोडीदाराने दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे, नाहीतर पीआर जाऊ शकतो. छळ होत असेल तर सूट होती, पण तो सिद्ध कुणापुढे आणि कुठल्या भाषेत करायचा? तो नियम रद्द झाला, आज घर सोडलं एवढ्यावरून पीआर झालेल्या बाईचं स्टेटस जात नाही. पण हे किती जणींना माहीत आहे? मला अजूनही अशा बायका भेटतात ज्यांना वाटतं नवऱ्याने एक फोन केला की आपल्याला विमानात बसवतील, आणि कधीकधी ते तिला घरातूनच सांगितलेलं असतं. जिला बाहेर बोलायला एकही माणूस नाही तिने हे खोटं आहे हे कुणाकडून पडताळून घ्यायचं?

आता व्हॉलंटियर्सच्या विरुद्धचा जो आक्षेप मला खरोखर टोचतो तो या तिन्ही गटांनी मांडलेलाच नाही. तो असा, की व्हॉलंटियर नुकसानही करतो. आपला समाज इथे लहान आहे. आज एखादीने मन मोकळं केलं की शनिवारच्या भजनाला दहा जणींना माहीत, ही भीती काल्पनिक नाही, मी हे होताना बघितलंय आणि त्यानंतर ती बाई कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. चांगल्या मनाने चुकीचा सल्ला देणारे तर पावलोपावली. "अगं सहन कर, सगळ्यांचंच असं असतं" हे सांगणारी ताई आणि "सोड त्याला आजच" हे सांगणारी ताई, दोघी सारख्याच धोकादायक आहेत, कारण दोघी तिच्या आयुष्याचा निर्णय आपल्या अनुभवावरून घेतायत. इमिग्रेशनचा सल्ला, औषधांचा सल्ला, घर सोड की नको सोड हा सल्ला, हे व्हॉलंटियरने देऊच नये. त्याला फक्त माहीत असावं की कुणाकडे पाठवायचं. २११ हा मोफत नंबर आहे, तिथे इतर भाषांचा दुभाषी जोडून मिळतो आणि जवळ कुठल्या सेवा आहेत ते सांगतात. एवढं सांगून तिच्या शेजारी बसून राहणं, तिला तो फोन स्वतः करू देणं, ही मदत.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडा बदलून. वॉक-इन क्लिनिकमध्ये एक नवी आलेली मुलगी, पंचवीस-सव्वीसची, शेजारी नवरा. डॉक्टर तिच्याकडे बघून विचारतात झोप कशी लागते, तो म्हणतो फाइन. भूक लागते का, तो म्हणतो येस येस. डॉक्टरांनी परत तिच्याकडेच बघून विचारलं रडू येतं का, त्याने तो प्रश्न मराठीत केलाच नाही, म्हणाला शी इज ओके, जस्ट मिसिंग मदर. तो काही दुष्ट नव्हता, त्याला लाज वाटत होती आणि कामावर परत जायची घाई होती. पुढच्या वेळी आमच्यातली एक जण तिच्यासोबत गेली, दुभाषी म्हणून नाही, दुभाषी क्लिनिककडेच मागितला आणि फोनवर मिळाला, ही नुसती बाहेरच्या खुर्चीत बसून होती. आतमध्ये ती मुलगी पहिल्यांदा स्वतः बोलली. व्हॉलंटियरने काय केलं तर गाडी चालवली आणि दुभाषी मागता येतो हे तिला आधी सांगितलं. कुठल्या सरकारी योजनेत बसतं हे? आणि कुठल्या संस्काराच्या भाषणात बसतं?

ज्येष्ठांच्या बाबतीत अजून एक आक्षेप येतो, तो कुजबुजत येतो, की तुम्ही घरं फोडाल. आजीला बाहेरचं माणूस मिळालं की ती घरातलं बाहेर सांगणार, मुलगा-सून वाईट ठरणार. मला यातली काळजी समजते, पण जे घर एका बाहेरच्या माणसाच्या गप्पांनी फुटतं ते गप्पांमुळे फुटत नसतं. बहुतेक घरांत तर उलटंच होतं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं बँकेत खातं होतं, डेबिट कार्डही होतं, कपाटात पाकिटातच. पिन मुलाला माहीत, स्टेटमेंट मुलाच्या ईमेलवर. त्यांना लायब्ररीतल्या व्हॉलंटियर मुलीने एवढंच शिकवलं की मशीनमध्ये कार्ड कसं घालायचं, पिन बदलायचा कसा, आणि पावती कशी वाचायची. पहिल्यांदा २० डॉलर काढून काकूंनी नातवाला वाढदिवसाला पाकीट दिलं, स्वतःच्या हाताने. मुलाला राग येईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तो म्हणाला आई तू आधी का नाही सांगितलंस, मला वाटलं तुला हे नकोच असतं. त्या घरात कुणी कुणाला छळत नव्हतं, फक्त विचारायचं राहून गेलं होतं. आणि जिथे खरोखर छळ असतो, पैसे काढून घेतले जातात, पासपोर्ट लपवले जातात, तिथे बाहेरचं माणूस नको असं म्हणणं म्हणजे नेमकं कुणाचं रक्षण करणं?

आपल्याच इतिहासात याचं एक उदाहरण आहे ज्याच्याकडे आपण फक्त अभिमानाने बघतो, या नजरेने बघत नाही. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत शिकण्यासाठी गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तिकडून उत्तर आलं ते ख्रिस्ती होण्याच्या सूचनेसकट. तो पत्रव्यवहार मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीने वाचला. तिने पत्र लिहिलं, माझ्याकडे राहायला ये म्हणून. ती कुठल्या संस्थेची नव्हती, तिला कुणी नेमलं नव्हतं, धर्म बदलायची अट नव्हती. १८८३ मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय बोटीने निघाल्या तेव्हा वय १८, आणि तिकडे उतरल्यावर त्यांना माहीत असलेलं एक दार होतं जे नवऱ्यामार्फत उघडत नव्हतं. आधी काही वर्षं पत्रं चालू होती, त्यात नऊवारीपासून बालविवाहापर्यंत सगळं लिहिलं जायचं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये गेल्या, आणि त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. आता हेही बघा की कार्पेंटरबाईंचा जीव कितीही असला तरी थंडी, आजार आणि हाल त्यांना थांबवता आले नाहीत. त्यासाठी चांगली राहायची सोय लागते, पैसा लागतो, दवाखाना लागतो, म्हणजे व्यवस्था लागते. माझं तेच म्हणणं आहे. व्यवस्थेचं काम प्रेमाने होत नाही आणि त्या पत्रांचं काम व्यवस्थेने झालं नसतं.

एका बाबतीत मात्र मी सरकारवाल्या गटाच्याही पुढे जाईन. नव्या आलेल्या बाईला "आधी सहा महिने व्हॉलंटियर कर, कॅनडियन एक्सपीरियन्स मिळेल, मग जॉब" हे सांगणं बंद करा. मदतीच्या नावाखाली डिग्री असलेल्या बायकांकडून फुकट रिसेप्शन सांभाळून घेतलं जातं, डेटा एंट्री करून घेतली जाते, आणि वर्षभराने एक सर्टिफिकेट. ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच धोरण काढून सांगितलं की कॅनडियन अनुभवाची अट हा प्रथमदर्शनी भेदभाव आहे, आणि जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या मालकांना जाहिरातीत ती अट लिहायलाच बंदी आहे. मग आपल्याच संस्था मागच्या दाराने ती अट का पाळतायत? जे काम पगाराचं आहे त्याला पगार द्या. तसंच शाळकरी मुलांच्या ४० तासांचं. ऑन्टारिओत बारावीच्या डिप्लोमासाठी ४० तास समाजसेवा लागते, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालंच की चला, मुलांचे तास भरतील. आजी म्हणजे तास भरायची जागा नाही. सप्टेंबरमध्ये येऊन "आजी आजी" करणारा मुलगा तास पुरे झाल्यावर न सांगता यायचा बंद होतो आणि आजी दर मंगळवारी खिडकीपाशी बसतात, हे मी बघितलंय आणि मला ते विसरता येत नाही. मुलं जरूर येऊ देत, फोन शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी नाही, पण वर्षभर येणार असतील तरच, आणि थांबताना भेटून सांगणार असतील तरच.

आणि ज्यांना आपण "मदत घेणारे" म्हणतोय ते कायम घेणारेच राहणार असं का धरून चाललोय? गिरणगावात घरच्या घरी खानावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, आणि त्याच बायका पुढे दुसऱ्या बायकांच्या कर्जांची जबाबदारी घेऊ लागल्या. त्यांना आधी कुणी "लाभार्थी" करून ठेवलं असतं तर हे झालं असतं का? इथे आलेल्या आजी-आजोबांमध्ये निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले कॅशियर आहेत, नर्स आहेत, एसटीत आयुष्य काढलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी जी बाई बसमध्ये चढायला घाबरायची तीच आज नवीन आलेलीला प्रेस्टो कार्ड कसं टॅप करायचं ते दाखवते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं दाखवते, कारण नेमकी भीती कशाची वाटते ते तिला ठाऊक आहे. फक्त सुपर व्हिसावाल्यांनी कुठलं काम करावं याची नीट चौकशी करून घ्या, कारण जे काम एरवी पगारावर होतं ते फुकटात केलं तरी व्हिजिटरच्या स्टेटसला अडचण येऊ शकते.

त्यामुळे मंडळाने प्रस्ताव मंजूर करावा, पण आहे तसा नाही. व्हॉलंटियरची व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे पोलिसांकडून होणारी पार्श्वभूमीची तपासणी, झालीच पाहिजे, ओळखीचा असला तरी, कमिटी मेंबरची बायको असली तरी. गुप्ततेचा नियम लेखी असावा आणि तो मोडला तर त्या माणसाला पुन्हा काम देऊ नये. जोडी लावताना शक्यतो एकाच सोसायटीतले, एकाच नातेवाइकांच्या गोतावळ्यातले नकोत. पैशासाठी केंद्राची न्यू होरायझन्स फॉर सिनिअर्स ही योजना आहे, त्यात छोट्या संस्थांना २५ हजार डॉलरपर्यंत ग्रँट मिळू शकते, अट अशी की प्रकल्प ज्येष्ठांनीच चालवलेला किंवा त्यांच्याच कल्पनेतून आलेला हवा, म्हणजे अर्ज लिहायला बसताना टेबलाशी आजी-आजोबा असलेच पाहिजेत. आणि भेटायची वेळ शनिवार संध्याकाळ नको. शनिवारी संध्याकाळी यायचं तर मुलाची गाडी लागते, नवऱ्याचा मूड लागतो, परत खुंटी तीच. बुधवारी सकाळी दहाला ठेवा, मुलं शाळेत गेलेली असतात, बस रिकामी असते, आणि हॉल बस स्टॉपपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा, फेब्रुवारीतल्या बर्फात सत्तरीची बाई चालू शकेल इतक्या.